‘घरीच असते’ : कोड ९२ आणि १९६२ सालची एक कंपनी

एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.ला प्रवेश मिळेपर्यंत मी जवळपास वर्षभर एका सर्वेक्षणाचा डेटा तपासायचं काम करत होते. विषय संख्याशास्त्र, त्यामुळे काम काही अवघड नव्हतं. रकान्यांमध्ये विसंगती दिसली की खूण करायची. म्हणजे वय ९ आणि शिक्षण पदवीधर, असलं काही. एके दिवशी एक ओळ समोर आली : स्त्री, वय ३४, शिक्षण पदव्युत्तर, कामाची स्थिती ९२. मी खूण केली. संध्याकाळी सुपरवायझर सरांनी ती काढून टाकली आणि म्हणाले, “मॅडम, यात चुकलंय काय? ९२ म्हणजे घरकाम. बरोबर आहे की.”

तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबरच होतं. माझ्या प्रबंधाचा प्रश्न मात्र त्या काढून टाकलेल्या खुणेपासून सुरू झाला. मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “संख्याशास्त्राची मुलगी इतिहासाकडे का आली?” तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न समजा.

आधी कोडबद्दल, कारण तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी हा डेटा उघडणार आहात. आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात आणि आता पीएलएफएसमध्ये प्रत्येक माणसाला कामाच्या स्थितीचा एक दोन अंकी कोड मिळतो. स्वतःचा छोटा व्यवसाय एकट्यानं चालवणाऱ्याला ११. फक्त घरातली कामं करणाऱ्याला ९२. घरातली कामं करून शिवाय घरच्याच वापरासाठी सरपण आणणं, शिवणकाम वगैरे करणाऱ्याला ९३. वर्षातला जास्तीत जास्त वेळ कशात गेला त्यावर ‘मुख्य स्थिती’ ठरते आणि ३० दिवस किंवा जास्त दुसरं काही काम केलं असेल तर ती ‘दुय्यम स्थिती’ म्हणून वेगळी नोंदवायची असते. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण प्रश्न विचारणारा दारात उभा असतो, आणि उत्तर देणारी व्यक्ती बऱ्याचदा घरातली दुसरीच कोणीतरी असते.

माझी मावशी सांगलीला असते. शिवाजी विद्यापीठाची गणितातली एम.एस्सी. लग्नानंतर दोन वर्षं एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, मग मुलं झाली, मग सासूबाईंचं आजारपण. आता दहावी-बारावीच्या शिकवण्या घेते, संध्याकाळी दोन बॅच. मागे कुणीतरी फॉर्म घेऊन आलं तेव्हा दार काकांनी उघडलं. “मिसेस काय करतात?” “काही नाही, घरीच असते.” आत बारा मुलं इंटिग्रेशन करत बसली होती. (हे सगळं तिला विचारूनच लिहितेय. काकांनाही विचारलं; ते हसले, पण थोडे ओशाळलेही.)

आता इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि संशोधन आराखडा लिहिताना त्यांची हमखास गल्लत होते. एक, हाताला पुरेसे तास काम नसणं. दुसरी, तास पुरेसे असतील, पैसेही बरे मिळत असतील, पण जे येतं त्यातलं फारसं काही वापरलंच जात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या १९९८ च्या परिषदेनं न्यून-रोजगारीबद्दल ठराव केला, तेव्हा या दोन्ही गोष्टी वेगळ्या मांडल्या होत्या. तासांची कमतरता मोजायला त्यातल्या त्यात सोपी, म्हणून तीच सगळीकडे मोजली गेली. कौशल्याची कमतरता चर्चेत राहिली, तक्त्यांत फार कमी आली. अर्धवेळ काम करणाऱ्या बाईला विचारलं, “जास्त तास काम करायला आवडेल का?” तर ती “नाही” म्हणेल, कारण घरात लहान मूल आहे. झालं, ती समाधानी कामगार ठरली! तिची पदवी कशातली आहे आणि ती करते काय, हे विचारलंच जात नाही.

मग न वापरलेलं कौशल्य बघायचं कुठे? मला वाटलं, ते एकदम वापरलं गेलं अशी एखादी वेळ शोधावी. पाणी किती साठलं होतं ते धरणाचं दार उघडल्यावर कळतं ना, तसं. असं एक प्रकरण इंग्लंडमध्ये सापडलं.

१९६२ साली स्टेफनी शर्ली नावाच्या २९ वर्षांच्या बाईंनी बकिंगहॅमशरमधल्या आपल्या घरातून ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ नावाची कंपनी काढली. भांडवल सहा पौंड. घरी बसलेल्या, म्हणजे लग्न-मुलांमुळे नोकरी सुटलेल्या स्त्री प्रोग्रॅमर्सना घरूनच, जमेल तेवढे तास काम द्यायचं. गिऱ्हाइकांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरंच येईनात, तेव्हा नवऱ्याच्या सुचवण्यावरून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या आणि उत्तरं येऊ लागली. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ बायका होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचं प्रोग्रॅमिंग या बायकांनी घरात बसून केलं.

ही गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल, शर्लींचं भाषण इंटरनेटवर भरपूर फिरलंय. मीही ती तशीच ऐकली आणि भारावून जाऊन आराखड्याचं पहिलं प्रकरण त्यांच्यावर लिहिलं. मार्गदर्शकांनी समासात एकच प्रश्न लिहिला : “२९७ कुठून आल्या?”

मला त्या प्रश्नाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढचे आठ महिने मी त्याचंच उत्तर शोधत होते. कंपनी १९६२ ची. संगणक जेमतेम पंधरा-वीस वर्षांचा. सुरुवातीला शर्ली अनुभवी प्रोग्रॅमरच घेत होत्या, नवशिक्यांना नाही. मग इतक्या अनुभवी बायका घरी बसलेल्या असतीलच कशा? कुणीतरी आधी त्यांना शिकवलं असणार, कामाला लावलं असणार आणि मग बाहेर काढलं असणार.

हे ‘कुणीतरी’ बऱ्याच अंशी ब्रिटिश सरकार होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडायला कोलोसस नावाची यंत्रं वापरली गेली. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रं चालू होती आणि ती चालवत होत्या नौदलाच्या महिला शाखेतल्या मुली. युद्धानंतर सगळ्यांना गुप्ततेची शपथ. १९७० च्या दशकापर्यंत त्या यंत्रांचं नावही काढायची सोय नव्हती. म्हणजे जगातले पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक संगणक चालवायचा अनुभव, पण अर्जात लिहिता येत नाही! प्रमाणपत्र नसलेल्या कौशल्याचं याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

पुढचा भाग मार हिक्स या इतिहासकारांच्या २०१७ सालच्या ‘प्रोग्रॅम्ड इनइक्वॅलिटी’ या पुस्तकात सविस्तर आहे. ते जरूर वाचा, निदान पहिली तीन प्रकरणं. थोडक्यात असं : नागरी सेवेत लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची हा नियम १९४६ मध्ये रद्द झाला. परराष्ट्र सेवेत तो १९७३ पर्यंत राहिला. (आपल्या परराष्ट्र सेवेतही बाईला लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी लागे आणि नंतर राजीनामाही मागता येत असे. सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर सडकून टीका केली.) सरकारी खात्यांत आकडेमोडीची यंत्रं आणि नंतर संगणक चालवणाऱ्या श्रेणीत जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. १९५५ पासून टप्प्याटप्प्यानं समान वेतन लागू करायचं ठरलं, ते १९६१ पर्यंत पूर्ण झालं. पण ही यंत्र-श्रेणी त्यातून वगळली गेली. कारण काय द्यावं? या श्रेणीत पुरुषच नाहीत, मग समान करायचं कुणाशी!

मी हा तर्क पहिल्यांदा वाचला तेव्हा वही बाजूला ठेवून जरा फिरून आले. संख्याशास्त्रात आम्ही तुलना-गट नसल्यावर फरक काढता येत नाही असं शिकतो. इथे तुलना-गट नाही म्हणून फरकच नाही, असं धरलं गेलं.

१९६० च्या दशकात संगणक म्हणजे राज्यकारभाराचं महत्त्वाचं साधन आहे हे सरकारच्या लक्षात आलं आणि ही कामं वरच्या श्रेणीतल्या, पुढे अधिकारी होतील अशा तरुणांना द्यायचं धोरण आलं. ते तरुण बहुतेक पुरुष, आणि त्यांना संगणकाचं काही येत नव्हतं. मग ज्या बायका आधी ते काम करत होत्या, त्यांनीच त्यांना शिकवायचं. शिकवून झालं की आपण होतो तिथेच. खाजगी कंपन्यांत चित्र थोडं बरं होतं. तिथे गणिताच्या पदवीधर मुलींना प्रोग्रॅमर म्हणून घेत, चांगलं प्रशिक्षण देत. पण पहिलं मूल झालं की मोकळं करत. अर्धवेळ पद हा प्रकारच नव्हता.

म्हणजे २९७ चं उत्तर असं निघालं : एकीकडे तयार करणारी यंत्रणा, दुसरीकडे बाहेर काढणारी यंत्रणा, आणि दोन्ही वर्षानुवर्षं चालू. शर्लींनी साठलेल्या पाण्यापाशी दार बसवलं. आणि दार बसवणाऱ्या त्या एकट्याही नव्हत्या. इंग्लंडमध्येच एलियट ब्रदर्स या कंपनीत प्रोग्रॅमर असलेल्या डीना सेंट जॉन्स्टन यांनी १९५९ मध्ये स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एल्सी शट यांनी मूल होणार म्हणून नोकरी सुटल्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘कम्प्युटेशन्स इन्कॉर्पोरेटेड’ सुरू केली, तिथेही घरून काम करणाऱ्या आयाच. शट आणि शर्ली दोघींबद्दल जॅनेट अॅबेट यांनी ‘रिकोडिंग जेंडर’मध्ये लिहिलंय. एकमेकींशी संबंध नसताना अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर तोच मार्ग निघतो, तेव्हा एका व्यक्तीच्या धडाडीवर सगळं खपवता येत नाही.

शर्लींचं स्वतःचं आयुष्यही या नजरेनं पुन्हा वाचलं. जन्म १९३३, जर्मनीत डॉर्टमुंडला. १९३९ मध्ये ज्यू मुलांना वाचवणाऱ्या गाडीनं बहिणीबरोबर इंग्लंडला आल्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची सोय नव्हती म्हणून गणितापुरतं मुलांच्या शाळेत जायच्या. अठराव्या वर्षी डॉलिस हिलच्या पोस्ट ऑफिस संशोधन केंद्रात लागल्या (कोलोसस बनलं ते हेच केंद्र), आणि रात्रीच्या वर्गांना जाऊन १९५६ मध्ये गणिताची पदवी घेतली. १९५९ मध्ये तिथल्याच सहकाऱ्याशी लग्न झालं आणि त्यांनीच नोकरी सोडली. पुढच्या नोकरीत बैठकीत किमतींबद्दल काही बोलल्या तर “तुम्ही तांत्रिक बाजूच्या, तुमचा यात काय संबंध” अशा अर्थाचं ऐकवलं गेलं. म्हणजे २९७ मध्ये मोजल्या गेल्या नसल्या, तरी त्याच गर्दीतल्या.

हे घरून शक्य कसं झालं, यावर थोडं थांबते, कारण तंत्राचा इतिहास इथे कामाला येतो. त्या काळी प्रोग्रॅम लिहायला संगणक लागतच नसे! तर्क कागदावर आखायचा, प्रवाह-आकृती काढायची, मग कोडिंग शीटवर पेन्सिलीनं एकेक सूचना लिहायची. ते कागद पोस्टानं जायचे, पंचिंग करणारी कुणी त्यांची कार्डं किंवा टेप बनवायची, संगणकावर वेळ मिळेल तेव्हा चालवायचं, चुकांची यादी परत यायची. लागायचं काय, तर टेबल, पेन्सिल, डोकं आणि टेलिफोन. घरी फोन आहे का, हे शर्ली नेमणुकीच्या वेळी आवर्जून बघत. काँकॉर्डचं काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं त्या अॅन मॉफट यांचा त्या काळातला एक फोटो आहे, घरातल्या टेबलाशी काम चाललंय आणि शेजारी तान्हं मूल. गिऱ्हाइकाचा फोन आला की मागे मुलाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून शर्ली टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत.

दुसरी युक्ती हिशेबाची. गिऱ्हाइकाला तास विकायचे नाहीत, तयार काम ठरलेल्या किमतीत विकायचं. कुणी किती वाजता बसून लिहिलं हा प्रश्नच मिटला. पण मग अंदाज अचूक हवा, नाहीतर तोटा. म्हणून कामाचे तुकडे पाडणं, दर्जाचे लेखी नियम, एकीनं लिहिलेलं दुसरीनं तपासणं, हे सगळं आलं. अर्धवेळ म्हणजे अर्धवट या समजुतीला हे मला सगळ्यात चांगलं उत्तर वाटतं.

तरीही मी या कंपनीची भक्त झालेले नाही. सुरुवातीच्या काळात बहुतेक बायका फ्रीलान्स, म्हणजे काम असेल तर पैसे. मंदी आली तर तिचा पहिला फटका त्यांनाच. शिवाय मूल सांभाळणं हे बाईचंच काम, हे गृहीतक कंपनीनं मोडलं नाही. ते मान्य करून त्याभोवती वेळापत्रक बसवलं. आणि ज्यांनी पदवी घेतली पण नोकरीचा अनुभव घ्यायच्या आधीच लग्न झालं, त्या या दारातूनही आत आल्या नाहीत. माझी मावशी आली नसती.

पुराव्याबद्दल एक गोष्ट, जी मी चुका करूनच शिकले. २९७ आणि ३०० हे आकडे मुख्यतः शर्लींच्या स्वतःच्या सांगण्यातून येतात : २०१२ चं आत्मचरित्र ‘लेट इट गो’, ब्रिटिश लायब्ररीच्या मौखिक इतिहास प्रकल्पातली दीर्घ मुलाखत, भाषणं. याचा अर्थ आकडा खोटा असा नाही. पण यशस्वी माणसानं उतारवयात सांगितलेली गोष्ट घोटून गुळगुळीत झालेली असते, हे धरून चालावं. त्यापेक्षा मला जास्त उपयोगी पडलं ते कंपनीच्या ध्येयवाक्याचं बदलत जाणं. आधी लिहिलं होतं, मुलं असलेल्या बायकांना काम देणं. पुढे ‘काम’ जाऊन तिथे ‘करिअर’ आलं. मग ‘मुलं’ जाऊन ‘अवलंबून असलेली माणसं’ आली, कारण काहींवर आजारी नवऱ्याची नाहीतर म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी होती. आणि १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा आल्यावर ‘बायका’ हा शब्दच काढावा लागला. फक्त बायकांना घेणं बेकायदा ठरलं ना! एका वाक्यातले तीन शब्द तेरा-चौदा वर्षांत एकेक करून बदलतात. दफ्तरात असं काही दिसलं तर सोडू नका.

पुढचं भराभर सांगते. कंपनीची नावं बदलत गेली, एफ इंटरनॅशनल, एफआय ग्रुप. १९९६ मध्ये शेअर बाजारात नोंद झाली, तोवर मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांकडे गेला होता आणि त्यातले कित्येक लखपती झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिनं एक भारतीय कंपनी घेतली. झान्सा या नावानं ती नोएडा, चेन्नई आणि आपल्या पुण्यातही होती. २००७ मध्ये स्टेरियानं ती विकत घेतली. इंग्लंडच्या गावागावांतल्या स्वयंपाकघरांतून सुरू झालेलं काम पुण्याच्या पदवीधरांकडे आलं, पण ऑफिसात, पूर्णवेळ. घरून आणि अर्धवेळ करायची सोय मूळ कल्पनेचा गाभा होती, ती प्रवासात कुठे गळली हे माझ्या तिसऱ्या प्रकरणात शोधायचंय.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट सरकारी आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २००२-०३ मध्ये करिअरमध्ये खंड पडलेल्या विज्ञान पदवीधर स्त्रियांसाठी महिला वैज्ञानिक योजना आणली. तिचा एक भाग बौद्धिक संपदेच्या प्रशिक्षणाचा. पुण्यातली सीएसआयआरची उर्डिप ही संस्था त्याचं एक केंद्र होती. पेटंटचा शोध घेणं, त्याचा मसुदा तपासणं हे काम बघा, विषयाची पक्की समज हवी, बारकावा हवा, आणि संगणक-इंटरनेट असलं की बसायची जागा कुठलीही चालते. कोडिंग शीटचीच भावंडं. या योजनेतून गेलेल्या काही जणींच्या मुलाखती सध्या घेतेय, त्याबद्दल त्यांची संमतीपत्रं पूर्ण झाल्यावरच लिहीन.

मुलाखतीचा प्रश्नही बदलला आहे. “आपण काय करता?” हा मी काढून टाकला. त्याऐवजी २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाच्या धर्तीवर कालच्या दिवसाचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारते, आणि प्रत्येक कामापुढे एक जादा रकाना ठेवलाय : यात तुमच्या शिक्षणातलं काय लागलं?

चाचणीचा पहिला फॉर्म मावशीवरच भरला. सकाळचं सगळं रांधणं, सासूबाईंच्या गोळ्या, बँक. साडेअकराला शेजारच्या मुलीला फोनवर एमपीएससीतलं संभाव्यतेचं गणित समजावलं. चार ते सात शिकवण्या. रात्री साडेनऊला बारावीच्या एका गाइडमधली तीन उत्तरं चुकलेली सापडली, ती पेन्सिलीनं दुरुस्त करून मुलांच्या ग्रुपवर टाकली. मी विचारलं, “या शेवटच्याचे पैसे?”

“चूक दुरुस्त करायचे कसले पैसे घेतेस बाई,” ती म्हणाली. मग फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला, जादा रकान्यात ‘विकलक समीकरणे, एम.एस्सी. भाग १’ असं लिहिलं, आणि वरच्या ओळीत मी बेरीज अर्ध्या तासानं चुकवली होती तीही दुरुस्त केली.